माकडहाडापुढची गाठ

दादा,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात वळला नाही.

स्कॅनमध्ये आईच्या माकडहाडापुढे मोठी गाठ दिसली, तेव्हा तपासणीआधीच तू निकाल दिलास. "कॅन्सरच असणार. या वयात चिरफाड कशाला?" तेही तिच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी तिचं शिलाई मशीन गाडीत घातलंस. "आता तिला काय उपयोग?" म्हणालास. आई दारातच उभी होती रे, चांगली जिवंत!

मी तुकडा तपासायला लावला. गाठ साधी चरबीची निघाली, आत थोड्या रक्त बनवणाऱ्या पेशी. डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत होते, बाहेर क्वचितच. जिवाला धोका नाही." नसा दबत होत्या म्हणून त्यांनी ती काढली. आई आता ताठ बसते, हातानेच काजं करते.

काल मी म्हटलं, "दादाला कळवते, मशीन आणून टाक म्हणून."

तिने दोरा दाताने तोडला. "कळवू नकोस. मी आहे की गेले, ते त्याला आपणहून विचारू दे."

ऑपरेशनला दीड महिना झाला. तू एक फोन केला नाहीस. हे पत्र मी टाकणार नाही. तिचा शब्द मोडावा एवढी तुझी लायकी नाही.

नाइलाजाने तुझीच,
धाकटी