डाव्या कोपऱ्यातला हात

आबा, तुम्ही आता मोबाइलवर आला आहात. हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. आपल्या गावच्या कबड्डी संघावर मुंबईच्या दोन पोरांनी मालिका काढली आहे, पाच भागांची. त्यांचे आजे आपल्याच वरच्या वाडीतले. पोलादपूरच्या डोंगरातली सात अनवाणी माणसं, महाडची स्पर्धा सलग आठ वर्षं दुसऱ्या कुणाला जिंकू देत नाहीत, आणि नवव्या वर्षी एका संध्याकाळी सगळं संपतं, अशी गोष्ट आहे ती. पहिले चार भाग बघताना मला अगदी भरून येत होतं. गावाचा चढ, देवळापुढचं मैदान, नाचणीच्या शेतात दंड-बैठका काढणारी तुमची माणसं, सगळं कसं झकास दाखवलंय. पाचव्या भागाचं नाव 'हात' आहे. ते वाचलं आणि मी मोबाइल पालथा ठेवला, कारण तो हात तुमचा.

तो भाग मी कुकर लावून, ओट्यापाशी उभी राहून बघितला. अंतिम सामन्याचं चित्रण लग्नाच्या शूटिंगवाल्याने केलेलं होतं म्हणे, ते त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं. चित्र धूसर आहे, मधेच पट्टे येतात. पण तुम्ही ओळखू येता. डावा कोपरा, तुमची ती ठरलेली जागा, गुडघ्यावर हात, ओठ आत घेतलेले. तुम्ही त्यात माझ्यापेक्षा लहान आहात, आबा. गुण बरोबरीत. शेवटची चढाई त्यांची. त्यांचा गडी तुमच्याकडे येतो, खाली वाकून हात मारतो, परत पळतो. पंच रिकामी चढाई म्हणून खूण करतात. म्हणजे आता पाच-पाच चढाया होणार, आणि त्यात आपला संघ कधी हरलेला नाही, म्हणून लोक नाचायलाच लागलेत. तेवढ्यात तुम्ही हात वर करता आणि मान खाली घालून मैदानाबाहेर चालू लागता. अंगाला हात लागला की पंचाची वाट न बघता आपणच हात वर करून निघायचं, ही तुमच्या मातीतली रीत होती. आठ वर्षं सातही जण तसंच करत आला होतात, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी एका गुणाने हरलात. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मला कळलं नाही, डाळ खाली लागली.

खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते सांगू का? सांगतेच. 'हा माणूस विकला गेला होता, शंभर टक्के.' 'आमच्या मामाने समोर बसून पाहिलाय सामना, लागलाच नव्हता.' 'एक हात आणि आठ वर्षांची सद्दी संपली, भावा.' एकाने तर विचारलंय, हा माणूस अजून जिवंत आहे का, असेल तर पत्ता द्या. आणि कौतुक करणारेही आहेत, नाही असं नाही. 'असा प्रामाणिक खेळाडू आता होणे नाही' असं लिहून खाली हात जोडलेत. त्यांचाही मला तेवढाच राग येतो, कारण तेही पुढच्या मिनिटाला दुसरं काहीतरी बघायला लागतात. मग कुणीतरी तुमच्या हात वर केलेल्या चित्राचं स्टिकर बनवलं. मी शिकवते त्या शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी विचारलं, उद्याच्या बैठकीला कोण कोण हजर, की पाचजणांनी तुम्हालाच टाकलं, हात वर केलेलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक तुम्ही कोण ते. मी आपलं 'हजर' असं टाइप केलं.

मला ती संध्याकाळ आठवते. मी दुसरीत असेन. आईने दुपारीच कोंबडा शिजत लावलेला आहे, कारण आज संघ जिंकून येणार. मी चुलीपुढे बसून वाटणाचा वास घेतेय. दिवेलागणीला पुढच्या गाडीने आलेली पोरं ओरडत वर येतात आणि बातमी आमच्या दारात टाकून जातात. तुम्ही खूप मागून, एकटे चालत येता. गुडघ्यांवरची माती तशीच. आई पळी हातात घेऊन उभी. ती तुम्हाला पाणीसुद्धा विचारत नाही. "कशाला केलंत? गप ऱ्हायचं व्हतं." तुम्ही खाली बसता, उजव्या पायाचा घोटा दोन बोटांनी चाचपता आणि म्हणता, "लागला." बस, एवढंच. तो कोंबडा कुणी खाल्ला नाही. सकाळी आईने तो पातेल्यासकट परसात नेला आणि कुत्र्याला घातला.

आई का चिडली हे मला मोठेपणी कळलं. त्या दिवशी मुंबईच्या एका कंपनीची माणसं सामना बघायला आली होती. जिंकणाऱ्या संघातली दोन पोरं ती कंपनीच्या संघात घेणार होती, म्हणजे कायमची नोकरी. एक तुमच्या संघाच्या कप्तानांचा धाकटा भाऊ ठरला होता. आणि दुसरे तुम्ही. हे मालिकेत कुठे नाही. विकला गेला म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नाही की या माणसाने स्वतःच्याच पोटावर पाय दिला. कंपनीने समोरच्या संघातली दोन पोरं नेली. कप्तानांचा भाऊ ट्रकवर गेला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कशेडी घाटात दरडीखाली सापडून गेला. तुम्ही महाडला एमआयडीसीत ठेकेदाराकडे पोती उचलायला लागलात, कसल्याशा पांढऱ्या भुकटीची. तीच भुकटी तुमच्या छातीत बसली. संघातला एकही माणूस त्यानंतर आपल्या उंबऱ्यात आला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. खांदा द्यायला आईच्या माहेरची माणसं धावतपळत आली, तोवर तुम्ही अंगणात झाकून ठेवलेले होता आणि समोरच्या पडवीत कप्तान बिडी ओढत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बघितलं नाही.

मालिकेच्या अगदी शेवटी कप्तान बोलतात. म्हातारे झालेत, दात गेलेत. कॅमेऱ्यात बघून म्हणतात, "त्यानं हात वर केला नि माझा भाऊ गेला." इथे पडदा काळा होतो आणि भाग संपतो. त्या एका वाक्यावर लोकांनी सगळ्यात जास्त लिहिलंय. तुमची नात तेरा वर्षांची आहे, आबा. तुम्ही तिला पाहिलं नाही. शाळेच्या संघात खेळते, आणि कुणी न सांगता डावा कोपरा घेऊन बसलीय. ती तुमची नात हे वर्गात कळल्यापासून पोरं तिला बघितलं की हात वर करून दाखवतात. एक दिवस घरी आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आई, खरं सांग. आजोबांना लागला होता का नव्हता?" मी म्हटलं, अगं लागला म्हणूनच केला ना वर. तर म्हणते, "तू होतीस का तिथं?" मी नव्हते. आणि त्याच आठवड्यात गावातून निरोप आला की मंडळ जुन्या संघाचा सत्कार करतंय, मैदानावर फलक लागलाय. कुणीतरी फोटो पाठवला. फलकावर सहाच माणसं होती.

रविवारी मी पहिल्या एसटीने गावात गेले. कप्तान पडवीतच होते, त्याच जागेवर.

"बस गो पोरी. च्या घेतेस?"

"चहा नको. माझ्या बापाला फलकावरून का काढलात तेवढं सांगा."

"मी नाय काढला. पोरांनी काढला. सत्काराला शिव्या नकोत म्हणाली."

"शिव्या कुणामुळे पडल्या? तुम्ही बोललात म्हणून!"

"बोललो. पन माझं अर्धंच दाखवलंनी." त्यांनी बिडी विझवली. "लागला व्हता. मी मधी हुबा व्हतो, दोन हातांवर. बोटं त्याच्या घोट्याला घासून गेली, मी ह्या डोळ्यांनी बघितली. तो खोटा नव्हता. हे पन बोललो त्या पोरांना, देवाशपथ. ते नाय घेतलंनी."

मी तिथेच पायरीवर बसले. इतकी वर्षं ज्या माणसाने तुमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही, त्याला सगळं माहीत होतं.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत गावाला? निदान तिरडीला तरी यायचंत, काका. समोरच तर होतात."

"पाय उचलला नाय."

"मग आता सांगा! फोन लावून देते मी त्या पोरांना."

"नि काय व्हईल? माझा भाऊ येल?" म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "त्याला लागला व्हता हे खरं. नि तो गप ऱ्हायला असता तर माझा भाऊ आज हितं बसला असता, हे पन खरं. दोन्ही खरं हाय गो. तुला कुठलं पायजे ते घेऊन जा."

मला जे हवं होतं ते मी घेऊन आले. फलकाचं काही झालं नाही, तो अजून तसाच आहे, सहा माणसांचा. पण घरी आल्या आल्या लेकीला सांगितलं, "लागला होता. कप्तानांनी स्वतः पाहिला." तिने नुसती मान हलवली, "मला माहीतच होतं." मग मी मालिकेच्या खाली लोक लिहितात तिथे लिहायला बसले. सगळं लिहिलं, नोकरीचं, घोट्याचं, कप्तान काय म्हणाले ते. लिहिताना कप्तानांचा भाऊ आठवला आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी त्या 'प्रामाणिक माणूस'वाल्यांच्या रांगेत तुम्हाला बसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून हे कागदावर लिहायला घेतलं, तेही पुरं झालं नव्हतं. आज पुरं करतेय कारण आज पोलादपूरला तालुक्याचा सामना होता.

जिंकलेल्या संघातून जिल्ह्यासाठी निवड होणार होती. तुमच्या नातीवर निवड करणाऱ्यांचा डोळा आहे, असं सरांनी आधीच माझ्या कानावर घातलेलं. शेवटच्या काही चढाया उरल्या होत्या, आपली शाळा एका गुणाने पुढे होती. समोरची पोरगी डाव्या कोपऱ्याकडे आली, वाकली, परत गेली. पंचांनी काही दाखवलं नाही. मी दोरीला टेकून उभी होते आणि मला आधीच कळलं, तिचा चेहरा बघूनच. ओठ आत घेतले होते तिने. आणि हात वर गेला. आधी कुणाला काही समजेना. मग मागून एक पोरगा ओरडला, "अरे, स्टिकर!" आणि सगळे हसायला लागले, पाच-सहाजणांनी मोबाइल काढले. ती मान खाली घालून बाहेर येऊन बसली. पुढच्या दोन चढायांत सामना गेला. निवडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

एसटी स्टँडवर दोघी उभ्या होतो. तिच्या गुडघ्यांवर माती तशीच होती. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, वडापाव घेऊन द्यायचा आणि घरी न्यायचं. पण तोंडातून गेलंच. "कशाला केलंस गो? गप राहायचं होतं."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी येते का ते बघत होती.

"लागला, आई," म्हणाली.

आता ती आत झोपलीय. फलकासाठी मी गावात जाऊन भांडले, कप्तानांना जाब विचारून आले. पण आबा, तुम्हाला मी कधी शाबास म्हटलं नाही, आणि आज तिलाही म्हटलेलं नाही. अजून जीभ वळत नाही.