पेंढ्याची उशी

३ जुलै
आज लेकाकडं, सुहासकडं, लोणावळ्याला कायमची ऱ्हायला आले. नात पायल आठ वर्साची. तिनं ही वही दिली, म्हणली, आजी, तू चौथी शिकलीस ना, मग रोज लिही. लय आनंद! खिडकीत धुकं, संडास घरातच. गावाकडं, कुरवंड्याच्या घरी, पावसात परसाकडं जायचं म्हंजी... जाऊ दे, चहा गार झाला.

६ जुलै
सुनेची आई राजेश्वरीबाई पुण्याहून आल्या. पायलला पिंजऱ्यासकट दोन रंगीत पक्षी. पोर दिवसभर त्यांच्याच मागं. मी पोह्यातल्या मिरचीवानी, बाजूला काढलेली.

८ जुलै
कुरवंड्याला गेले. पडवीतला पेंढा ओलीनं पांढुरका पडलेला, झटकला तर भुगा उडाला. माझ्या जुन्या लुगड्यात भरून उशी शिवली. सून हसंल म्हणून कापूस हाय म्हणले. पायलनं गाल टेकला, म्हणली, आता हिच्यावरच झोपणार. आता आणा म्हणावं पक्षी!

१९ जुलै
पोरीला खोकला. सांजंला ताप. जिना चढताना दम.

२२ जुलै
डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. म्हणाले, दुर्मीळ आजार हाय. श्वासातनं कसली तरी धूळ जाते, तिच्याशी भांडता भांडता अंग आपलीच फुप्फुसं सुजवून घेतं. घरात पक्षी, बुरशी, जुना पेंढा? मी पयली बोलले, पक्षी हायती, पेंढा न्हाई.
पिंजरा पुण्याला गेला. राजेश्वरीबाई रडल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

३० जुलै
दवाखान्यात पाच दिवसांत पोर खुलली. काल घरी आली, दुपारी माझ्या उशीवर झोपली. सांजंला पुन्हा दम. पक्षी तर न्हाईत.
पुन्हा भरती. डॉक्टर म्हणाले, घरातच काय तरी हाय. अजून एकदा झालं तर फुप्फुसं कडक पडतील—
उशी पेटीत लपवली. सांगितलं तर मला कुरवंड्याला धाडतील. मग पोर समदी राजेश्वरीबाईंचीच—

४ ऑगस्ट
पायल घरी आली. राजेश्वरीबाईंनी मऊ उशी आणली. पोर माझ्या कानात म्हणली, मी तुझीच घेणार, कुणाला न्हाई सांगत.
हेच ऐकायचं होतं मला. हेच—
तोंडानं निघंना, म्हणून लिहिते. सुहास, उशीत पेंढा हाय. बुरसलेला. डॉक्टरांशी मी खोटं बोलले. ही वही तुझ्या हातात देते, मग उशी जाळते—
पायल आत झोपलीय. खोकतीय—
पेटीचं झाकण उघडं. उशी न्हा