दंतवैद्यांचा वजीर

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींनी विणलेला स्वेटर पोचला. छान बसला (म्हणजे एक हात बाहेर आला, दुसरा अजून वाट शोधतोय).

मामा, बुद्धिबळाच्या स्पर्धेत मी पहिली आले! अंतिम डावात समोर होते आमचे दंतवैद्य. माझ्या दाढेत त्यांनीच आदल्या दिवशी सिमेंट भरलेलं, तेव्हा त्यांना हरवायचं तरी कोणत्या तोंडानं? तरी मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्यांनीही तेच केलं. मग मी त्याच्या शेजारचं, उंटापुढचं प्यादं फुकट देऊ केलं. ते विचारात पडले, मी एक चिकट गोळी तोंडात टाकली (चष्म्याच्या दुकानात दिवसभर बसून लागलेली सवय), आणि दाढेतलं सिमेंट सुटून टप्पकन पटाच्या मधोमध!

पंच म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते गरजले, "पटावर बाहेरची वस्तू ठेवायची नाही!"

"ठेवली नाही, पडली," मी म्हटलं.

दंतवैद्यांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला आणि पडेल आवाजात म्हणाले, "हे माझंच काम."

मामा, बघायला जमलेले निम्मे लोक त्यांचे पेशंट! सगळ्यांची बोटं एकदम आपापल्या गालावर. बिचाऱ्या दंतवैद्यांचे कान लालबुंद झाले. त्यानंतर त्यांचा हात पटावर, पण नजर माझ्या जबड्यावर. "थंड पाणी पिऊ नका हं," असं पुटपुटत त्यांनी वजीर नेऊन ठेवला तो थेट माझ्या घोड्याच्या तावडीत. मी क्षणभर कळवळले. क्षणभरच. मग वजीर मारला, हत्तीनं मात दिली आणि खुर्चीवरून अशी उडी मारली की पोस्टमास्तरांचा चहा सांडला.

मामींना नमस्कार.

तुमची विजयी भाची

ता. क. दाढ पुन्हा भरताना त्यांनी मला लग्नाचं विचारलं. तोंडात कापूस होता, म्हणून नुसती मान हलवली. उभी, आडवी नव्हे. आईनं मात्र रविवारी एका इंजिनिअरला चहाला बोलावलंय. तेव्हा शनिवारच्या आत येऊन तिला तुम्हीच सांगा. धाकट्या भावावर ती ओरडत नाही.

आणखी एक. हे म्हणतात, वजीर त्यांनी मुद्दाम दिला! त्यावरून कालपासून आमचा अबोला आहे. सगळ्या खेळ्या सोबत लिहून पाठवल्यात. अगदी निःपक्षपातीपणे तपासा आणि माझंच बरोबर असं कळवा.