पेढीच्या माथ्यावरची बाई

४ मार्च
जुनी पेढी आज पाडली. छज्ज्याखालची कोरीव लाकडी बाई मात्र मी सोडवली! अर्ज, खेटे, ठेकेदाराशी हुज्जत – सगळं करून. चार हमालांनी दिवाणखान्यातल्या टेबलावर आणून उभी केली. धुळीत चेहरा दिसेना.

५ मार्च
पुसली आणि बघतच राहिले. हे काय! कपाळ पुढे आलेलं, नाक भलंमोठं, ओठ जाड. कॉलेजला जाताना तिसऱ्या मजल्यावर मान वर करून जिला बघायची, ती ही नव्हेच.
हे म्हणाले, "तुझ्या आत्याबाई वाटतात. चहा विचार त्यांना."

६ मार्च
ठेकेदाराला फोन केला. भलतंच काहीतरी गळ्यात मारलंत म्हटलं.
"ताई, वर एकच होती ती."
वर हसतो!

९ मार्च
वाचनालयाची मंडळी येऊन गेली. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तिला बसवायचं ठरलं होतं. वर्षभर त्यांच्या मागे लागले होते मी. अध्यक्षांनी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "मुलं घाबरतील हो." संपलं! चहा मात्र दोनदा घेतला.

१० मार्च
शनिवारी ठेकेदाराची माणसं तिला घेऊन जातील. जळणात घालतील बहुतेक. घालू देत. इतकी वर्षं मनात जपलं ते असलं ध्यान? संताप संताप होतो.

१२ मार्च
अकलेचा कळस! उद्या न्यायला सोपं जावं म्हणून हे एकटेच टेबल ओढायला गेले. नको, नको म्हणत होते मी. कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, जमिनीवरच सपाट झोपवा. तिथेच टेबलाच्या पायाशी गादी घातली. तोंडाला येईल ते बोलले मी त्यांना.

१३ मार्च
सकाळी गादीवरून हाक. "अगं, इकडे ये. खाली आडवी हो."
"मला कामं आहेत."
"आडवी हो म्हणतो ना!"
झाले आडवी. वर पाहिलं.
तीच! नाक सरळ, कपाळ शांत, ओठांवर हसू. रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी घडवलेली ती – आणि आम्ही तिला तोंडासमोर धरून नावं ठेवत होतो.
तेवढ्यात माणसं आली. हे पडल्या पडल्या ओरडले, "हात लावाल तर याद राखा!"

१४ मार्च
दुपारी अध्यक्ष येताहेत. चटई घालून ठेवली आहे.