दोन किल्ट आणि एक सूट

नोएडा, सेक्टर २७
रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय मुरलीधर,

पलटणीतल्या जुन्या सोबत्याचा रामराम घे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. तुझ्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं हे वाचून वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. बारा वर्षं पलटणीच्या बँडमध्ये माझा बॅगपाइप तुझ्या त्याच कानाशी होता. (वहिनींनी सांगितलेली कामंसुद्धा ऐकू येत नसतील तर तो दोष पाइपचा नव्हे, ते बहिरेपण तुला लग्नापासून आहे.) आम्ही सगळे खुशाल. कृष्णाबाईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, माझाही कुरकुरतो, पण माझ्या गुडघ्यांनी या आठवड्यात जे पाहिलं ते पाहता त्यांना कुरकुरायचा हक्क आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या कानापर्यंत पोचायला बूथमधून इतकं ओरडावं लागलं असतं की अख्ख्या सेक्टरला कळलं असतं. तसं आता कळलेलंच आहे म्हणा.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकतो. राजवर्धनचं लग्न ८ डिसेंबरला, रविवारी. मुलगी संपदा, पहाडगंजमधल्या जुन्या मराठी कुटुंबातली, फार गोड मुलगी आहे. तुझ्या लक्षात असेल, राजवर्धनच्या बारशाला छावणीत मी पाइप वाजवला, तू ड्रम वाजवलास, आणि पोरगं न रडता डोळे मोठे करून ऐकत राहिलं. तेव्हाच आपलं ठरलं, की याच्या वरातीपुढे आपण दोघंच चालायचं, पूर्ण ड्रेसमध्ये. हे मी त्याला दसऱ्याला सांगितलं. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिथे कुणी कुणावर ओरडत नाही म्हणे, त्यामुळे तोही ओरडला नाही. म्हणाला, "बाबा, प्लीज यार, पाइप नको. ऑफिसचे सगळे येणार आहेत. डीजे सांगितलाय. तुम्ही सूट घाला ना, किती छान दिसाल." सूटचं कापड त्याने आधीच आणून ठेवलं होतं. मी बिल्कुल वाद घातला नाही. तर मुरलीधर, तुला त्या वचनातून मी मोकळं करतो. तू पाहुणा म्हणून ये, जेव, ड्रम घरीच ठेव. मला वाईट वाटलं का म्हणशील, तर वाटलं. फार वाटलं.

आता हे प्रकरण कसं झालं ते ऐक. मी इथे कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे हे तुला माहीत आहेच. (म्हणजे गेटवर बसतो. पण खुर्ची फिरती आहे.) आमचे मालक चिरागसाहेब तिशीतले, आणि देशाचे दरवाजे उघडल्यापासून त्यांना रोज एक नवीन कल्पना सुचते. यंदा परदेशातून किल्टची ऑर्डर आली. आपल्या बँडसारखा गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा लोकरी किल्ट नव्हे, मॉडर्न किल्ट. काळं सुती कापड, बटणं, आणि सहा खिसे. साहेब म्हणाले, जीन्सलाही लोक आधी हसले होते, आज बघा. हा मालही इथे खपेल. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की गेटवरच्या माणसाने अठरा वर्षं किल्ट घातलाय. झालं, मी एका दिवसात गेटवरून एक्सपर्ट झालो. हुकूम असा, की एका संध्याकाळी जुना किल्ट आणि दुसऱ्या संध्याकाळी नवा घालून सेक्टर अठराच्या मार्केटमध्ये फिरायचं आणि पब्लिकची रिॲक्शन लिहून द्यायची. मी हो म्हटलं. मालकाला नाही कसं म्हणणार, असं मी घरी सांगितलं. तुला खरं सांगतो, निवृत्तीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी शिवून दिलेला किल्ट मला एकदा अंगाला लावायचा होता. वरातीत नाही तर निदान मार्केटमध्ये.

शुक्रवारी जुना किल्ट घातला. चुण्यांना धावदोरा घालून, ओलं फडकं टाकून दोन तास इस्त्री केली. (कृष्णाबाई त्याला अजून परकरच म्हणते, आणि चुण्यांना निऱ्या. एकोणतीस वर्षांत फरक नाही.) लांब मोजे, टोपी, समोर चामडी पिशवी. फक्त पाइप नव्हता. मार्केटमध्ये पाय ठेवतो तोच एका स्कूटरवाल्याने ब्रेक लावला. "बैंडवाले भाईसाहब, पच्चीस तारीख खाली है?" मी नाही म्हटलं तर म्हणाला, "सीज़न में सबके भाव बढ़ जाते हैं." पुढे एका हॉटेलच्या दारात फेटा आणि कमरपट्टा बांधलेला दरबान उभा होता. त्याने मला कडक सलाम ठोकला आणि हळूच विचारलं, "आप किस होटल में हो? वहाँ जगह है क्या?" एक म्हातारे सरदारजी मात्र मला बघून थांबले, पाठ सरळ केली, पलटण विचारली, आणि हात धरून चहाला घेऊन गेले. दोन तासांत माझ्या उघड्या गुडघ्यांकडे कुणी वळून पाहिलं नाही.

काल शनिवारी नवा किल्ट. गुडघे तेच, मीही तोच. बसमध्ये चढलो आणि बस गप्प झाली. मग एक बाई उठल्या. "अंकलजी, बैठो बैठो. ऑपरेशन हुआ है ना?" मी नाही म्हणायच्या आत मागून दुसरा म्हणाला, "हर्निया का होगा, हमारे ताऊजी ने भी दो महीने यही पहना था." तिसऱ्याने गरम पाण्याचा शेक सांगितला, चौथ्याने जड उचलायचं नाही असं बजावलं. मार्केटमध्ये एका हवालदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल, घबराओ मत, पैंट किसने छीनी?" एका मावशींनी तर कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मुलीच्या मापात मिळेल का म्हणून विचारलं. खिसे त्यांना फार आवडले. लोक वाईट नाहीत रे दिल्लीचे. पण मला सारखं वाटत होतं, की पंचवीस जवानांच्या ओळीत ज्या गुडघ्यांची कधी लाज वाटली नाही ती आजच का वाटावी? मान किल्टला मिळत नव्हता, मुरलीधर. तो डावी-उजवीकडे चालणाऱ्या तुम्हा सगळ्यांमुळे मिळत होता आणि मी तो एकट्याचा समजत होतो.

एवढा विचार करतोय तोच समोरच्या दुकानातून राजवर्धन बाहेर आला, ऑफिसच्या तीन मित्रांबरोबर. मी काय केलं असेल? गोळीबारातही खाली न वाकलेला तुझा पाइप मेजर शेजारच्या लेडीज सूटच्या दुकानात घुसला. दुकानदार काही विचारेना, माझ्या कमरेला मॅचिंग दुपट्टे लावून दाखवू लागला. मी काचेतून बाहेर पाहत होतो. राजवर्धन थांबला होता. त्याने मला पाहिलं होतं, आणि मी त्याच्यापासून लपतोय हेही पाहिलं होतं. मग मित्रांनी हाक मारली आणि तो गेला. घरी जेवायला बसलो. त्याने फक्त भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

साहेबांना रिपोर्ट लिहून ठेवलाय: जुन्या किल्टला पब्लिक भाव विचारते, नव्याला तब्येत विचारते. माझ्याकडून हा विषय संपला. सूट टेलरकडे टाकला आहे, आणि दोन्ही किल्ट घडी करून ठेवले आहेत. तू मात्र लग्नाला नक्की ये, वहिनींना घेऊन. कानात कापूस घालून ये, डीजे आहे.

तुझा,
संपतराव

ता.क. – पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज सकाळी उठलो तर राजवर्धन ऑफिसला जायचं सोडून जेवणाच्या टेबलावर जुना किल्ट पसरून इस्त्री करत होता. धावदोरा नाही, ओलं फडकं नाही, ओठ दातात धरलेला. मी बघत राहिलो. मान वर न करता म्हणाला, "बाबा, डीजे सातला येणार. वरात साडेसहाला निघते. मधल्या अर्ध्या तासाचं काय करायचं, मला कळत नाहीये." मग म्हणाला, "परवा तुम्ही दुकानात का शिरलात?" तर वरचं सगळं रद्द. ड्रम घेऊन ये. एक दिवस आधी ये, आपल्याला सराव लागेल. एकट्याने चाललो तर लोक पुन्हा ऑपरेशनचं विचारतील.

ता.ता.क. – त्याने इस्त्रीने किल्टचं वाटोळं केलं आहे. एकेका चुणीत तीन-तीन चुण्या पाडल्यात. एका वाकड्या चुणीसाठी मी तुला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही, तूही विसरला नसशील. आठ तारखेला तुला हसू येईल. हस. पण इस्त्री मागू नकोस, मी तो तसाच घालणार आहे.