हेडसरांना पंगतीला बसवलं, त्याची हकीकत

ती. सावळीराममामांस,

चांदवड तालुक्यातून तुमच्या भाचीचा, म्हणजे नववी 'अ'च्या हर्षालीचा, वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहोत. आईची कंबर कांदालागणीपुरती दुखते आणि लग्नाचं आमंत्रण आलं की राहते. मनमाडला तुमची रात्रपाळी संपली का? मामींचा गुडघा कसा आहे? मामींना माझा नमस्कार सांगा, पण पत्र त्यांच्या हाती देऊ नका. कारण शेवटी आहे. आधी शेवट वाचायचा नाही, तुम्हाला माझी शपथ.

मामा, आम्ही जिंकलो! तेही हेडसरांविरुद्ध, ज्यांच्यापुढे आमचे गणिताचे सरसुद्धा खिशातून हात काढून उभे राहतात. झालं असं, की मधल्या सुट्टीनंतर नववी 'अ'च्या मुली रोज उशिरा वर्गात येतात, म्हणून दिवाळीनंतर हेडसरांनी पस्तीस मिनिटांची सुट्टी वीस मिनिटांवर आणली. वीस मिनिटांत माणूस दोनदा जेवतो, असं ते प्रार्थनेच्या वेळी म्हणाले. (जेवत असेल. त्यांच्या केबिनमध्ये बेसिन आहे. आम्हाला साडेचारशे पोरांत दोन नळ, त्यातला एक फुसफुसतो.) सकाळी साडेनऊला धनराजभाऊच्या जीपमध्ये बारा जणी कोंबून घर सोडायचं आणि दोन वाजता डबा उघडायचा. तोवर पोटात काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही याच शाळेत शिकलात.

पण खरं दुखणं भुकेचं नव्हतंच. आमच्या नऊ जणींची एक रीत आहे. गोल बसायचं, झाकणं काढायची आणि प्रत्येकीने आपला डबा उजवीकडे सरकवायचा. नऊही डबे फिरून आपला आपल्याकडे आला, की त्यात उरेल ते आपलं. (मी मेथी आणते त्या दिवशी सगळीच उरते.) यात कोणी काय आणलं ते कोणी बघत नाही. आमच्यातल्या सायलीची आई पहाटे पाचला लागणीला जाते, त्यामुळे सायलीच्या डब्यात बरेचदा नुसती भाकरी आणि मीठ-मिरची असते. गोल फिरवायला वेळ मिळायचा तोवर तिलाही भाजी, आमटी, एखाद्या दिवशी श्रीखंडसुद्धा मिळायचं. वीस मिनिटं झाली आणि जी ती आपापला डबा भराभर गिळायला लागली. तिसऱ्या दिवसापासून सायली म्हणायची, भूक नाही. आणि नळावर जाऊन पाणी पिऊन यायची. मामा, खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी घास गेला नाही. रडूही आलं आणि रागही लय आला.

म्हणून अर्ज केला. हेडसरांनी त्यातल्या तीन चुका लाल पेनाने दुरुस्त करून तो परत पाठवला, खाली शेरा, 'वीस मिनिटे पुरतात.' मग मी सरळ केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, पुरतात ना, मग बुधवारी आमच्या पंगतीला या. सर हसले. म्हणाले, येतो, घड्याळ घेऊन येतो.

आणि आले की! मांडी घातली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, आपला डबा उघडला. आम्ही रीतीप्रमाणे तो लगेच उजवीकडे सरकवला. सर बघतच राहिले. मग एकेक डबा त्यांच्यापुढे येऊ लागला आणि आम्ही आग्रह सुरू केला. सर, ही बाजरीची भाकरी. सर, एवढा ठेचा घ्याच, माझ्या आजीने खास वाटलाय. ठेच्यानंतर सर चार मिनिटं नुसतं पाणी पीत होते. सहावा डबा त्यांच्यापुढे आला आणि शिपाई रावजीकाकांनी वीस मिनिटांच्या ठोक्याला घंटा दिली.

सर उठायला लागले. तेवढ्यात सायली, जी हजेरीला 'उपस्थित'सुद्धा धड ऐकू येईल असं म्हणत नाही, ती म्हणाली, "सर, माझं अजून व्हायचंय." बास! आम्ही सगळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे हेडसरांनीच यंदा रंगवून घेतलंय: पंगतीतून मध्येच उठू नये, अन्न टाकू नये. सरांनीही भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा मांडी घातली. आता सायली एक घास किती वेळ चावते म्हणून सांगू! गणिताचे सर दारात येऊन म्हणाले, तास? हेडसर त्यांच्यावरच खेकसले, "दिसत नाही का, पोरी जेवताहेत?" शेवटी त्यांचा डबा फिरून त्यांच्याकडे आला. पोळ्या गायब, पडवळाची भाजी जशीच्या तशी. नियम क्रमांक दोनप्रमाणे त्यांनी ती संपवली, शेवटच्या फोडीपर्यंत. घड्याळात एकेचाळीस मिनिटं झाली होती.

गुरुवारी फळ्यावर सूचना लागली, मधली सुट्टी पस्तीस मिनिटे. त्या दिवशी सायलीने माझी मेथीसुद्धा संपवली. मामा, मी नुसती बघत बसले होते. बोर्डात पहिली आले तरी एवढा आनंद व्हायचा नाही. (येणारही नाही, आईला आत्ताच सांगून ठेवा.)

मोठ्यांना नमस्कार, छोट्या गौरांगला पापा.

तुमची विजयी भाची,
हर्षाली

ता. क. : सुट्टी पंधरा मिनिटं वाढली, तशी शाळाही पंधरा मिनिटं उशिरा सुटते, पूर्वीसारखी साडेपाचला. धनराजभाऊला मात्र मधल्या दिवसांत लवकर निघायची सवय लागली, त्याची जीप सव्वापाचलाच निघते. थांब म्हटलं तर म्हणतो, गाडी माझी, घड्याळ माझं. दोन दिवस आम्ही कांद्याच्या रिकाम्या ट्रॅक्टरमधून अंधार पडल्यावर घरी आलो. आई म्हणते, आणखी एकदा उशीर झाला तर स्वतः शाळेत येऊन सुट्टी पुन्हा वीस मिनिटांची करून घेईन. ती घेईल, तुम्ही तुमच्या बहिणीला ओळखता.

ता. क. दुसरा : धनराजभाऊ तोंडात घास असेपर्यंत गाडीची चावी फिरवत नाही, त्याने तशी शपथ घेतलीय. म्हणून मामींचे ते पाकातले रव्याचे लाडू महिनाभर पुरतील इतके पाठवा. दिवाळीत आम्ही सगळ्यांनी अनुभव घेतलाय, एक लाडू चावून संपवायचा म्हणजे बरोबर पंधरा मिनिटं. रोज सव्वापाचला एक लाडू रावजीकाका त्याच्या हातावर ठेवतील, तसं ठरलंय. फोन केला नाही, कारण तुमचा फोन मामी उचलतात. त्यांना एवढंच सांगा, की हर्षालीला तुमचे लाडू फार आवडले. आणि पाक या वेळीही तेवढाच पुढे जाऊ द्या म्हणावं.