उदारामकाकांची बाहेर येण्याची वेळ

६ नोव्हेंबर २०१४
नोकरी लागली! सौंदडहून सकाळीच आले. वीजकेंद्राचं बॉयलर सफाईसाठी आजपासून नऊ दिवस बंद आहे. कोळशाची राख वितळून आतल्या नळ्यांवर दगडासारखी चिकटते. तिला क्लिंकर म्हणतात, कामगार सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, फोडून काढतात. मी बॉयलरच्या दाराशी बसायचं आणि कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. हेल्मेट घालून आईसाठी फोटो काढून घेतला.

७ नोव्हेंबर
टोळीत सगळ्यात जुने उदारामकाका, नवेगाव बांधचे. आधी तलावात मासे धरायचे. आज डब्यातला तळलेला मासा मला दिला. म्हणाले, "समीक्षा, दार सोडून जाजो नोको पोरी. आतून पायलं का उजेडात तूच दिसतं."

९ नोव्हेंबर
अकरा वीसला वरचा क्लिंकर सुटला. बैलगाडीएवढा. खाली उदारामकाका होते. वरचं पाडल्याशिवाय खाली माणूस पाठवायचा नसतो, पण सुपरवायझर छोटेलालला घाई होती. दुपारी त्यांना काढलं. तोंडावरची राख मी पुसली.
मग छोटेलालने रजिस्टर पुढे केलं. उदाराम अकरा दहाला बाहेर आला, नंतर न सांगता परत आत शिरला, असं लिहायला लावलं. नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणाला.
मी लिहिलं.

१० नोव्हेंबर
काकांची बायको अनुसयाबाई आली होती. साहेबांनी तिला ते पान दाखवलं. तिने मलाच विचारलं, खरंच आले होते का ते बाहेर? मी हो म्हणून मान हलवली. माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं बाई. मराच्या आधी वारा त लागला त्यायले."

११ नोव्हेंबर
टोळी जेवायला गेली होती. आत कोणी नाही. तरी सब्बल वाजत होती. थांबून थांबून, दमलेल्या माणसासारखी.

१२ नोव्हेंबर
पुन्हा. टोळीतल्या खुशालला बोलावलं, त्याला काही ऐकू येत नाही. मी दारात वाकले. आतून स्पष्ट —
"पोरी, मी भायेर आलो मनून काऊन लिवलं? मी त आतच आहो ना."

१३ नोव्हेंबर
खोडून खरं लिहिलं. छोटेलालने पान फाडलं.
आत रडून राहिले आहेत. एवढा म्हातारा माणूस —

१४ नोव्हेंबर
चार वाजता बॉयलर पेटवणार. आता तीन वीस. दार बंद करायला माणसं निघालीत. आत माणूस आहे म्हटलं तर हसले.
काका पाणी मागताहेत.
कसं पेटवू देऊ —
बाटली घेऊन जाते. हात धरून आणते त्यांना, लगेच —
माझं नाव लिहायला दाराशी कोणीच